कोणची परवा?

आमच्या घरात परवा म्हणजे कालच्या आदला दिवस नव्हता. होऊन गेलेले आणि ज्यांची तारीख कुणी जपून ठेवली नाही, ते सगळेच दिवस परवा होते. दादा म्हणायचे, "परवा पोलीस ॲक्शन झाली तवा मी मायच्या कडेवर होतो." आई म्हणायची, "परवा तुझा पहिला दात पडला तर केवढी रडलीस," आणि मी तेव्हा कॉलेजात जात असायचे. हैदराबादेत 'परसों'चा अर्थ असाच होतो. गल्लीतल्या बोलण्यातून तो आमच्या मराठीत कधी येऊन बसला ते कुणाला कळलं नाही. त्यामुळे कुणी परवा म्हटलं की ऐकणारा लगेच विचारायचा, "कोणची परवा?" मग सांगणारा क्षणभर थांबायचा, एखादी खूण सांगायचा आणि बोलणं पुढं जायचं.

हा प्रश्न मी एकदा विचारला नाही. त्याबद्दल लिहायचं ठरवून बरीच वर्षं झाली. मला लिहिण्याची सवय नाही. माझी सगळी नोकरी प्रोग्राम लिहिण्यात गेली, आणि तिथं वाक्यं अशी लिहायची असतात की त्यांचा एकच अर्थ निघावा.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते मूळचे उदगीरकडचे. गावच्या शाळेत चार इयत्ता शिकले, मग चुलत्याच्या मागोमाग हैदराबादला आले आणि रेल्वेत लागले. काचीगुडा स्टेशनाच्या पार्सल ऑफिसात त्यांचं काम म्हणजे आलेल्या गाठोड्यांवर, खोक्यांवर, पिंपांवर कुंचल्यानं, तो माल ज्या स्टेशनाला जायचा त्याची अक्षरं रंगवणं. याला ते मार्का मारणं म्हणायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण देशभरातल्या स्टेशनांची इंग्रजी अक्षरं पाठ होती. त्यांच्या नखांच्या कडांना काळा रंग कायम असायचा. लग्नकार्याला जायचं असलं की आई रॉकेलच्या बोळ्यानं तो काढायची.

आम्ही बरकतपुऱ्यात दोन खोल्यांत राहायचो. नारायणगुड्याच्या कॉलेजातून मी बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या सगळ्या घराण्यात पदवी घेतलेली मीच पहिली होते. त्या काळात देशात नवं वारं होतं. परदेशी कंपन्या येत होत्या आणि अमीरपेठेत जिन्याजिन्यावर कॉम्प्युटरच्या क्लासचे बोर्ड लागले होते. अशाच एका जिन्यावर मी सहा महिने काढले आणि एका लहान कंपनीत उमेदवार म्हणून लागले. मुलाखतीत विचारलेल्या तांत्रिक प्रश्नांपैकी निम्मेच मला आले होते. शेवटी विचारलं, कोणत्या भाषा बोलता येतात? मी म्हटलं, मराठी घरची, तेलुगू शाळेतली, उर्दू गल्लीतली, इंग्रजी पुस्तकातली. मुलाखत घेणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला नोकरी बहुधा त्या उत्तरानं लागली.

शहराबाहेर पंप बनवणारा एक कारखाना होता. तिथली खरेदी, साठा, पगार, विक्री असं सगळं कागदावरचं काम एका मोठ्या परदेशी सॉफ्टवेअरवर चढवायचं कंत्राट आमच्या कंपनीकडे होतं. ते सॉफ्टवेअर शिवून तयार आलेल्या कपड्यासारखं असतं, पण प्रत्येक कारखान्याचं अंग वेगळं. कुठं दाबायचं, कुठं सोडायचं, ही शिलाई म्हणजे आमचं काम. सहा महिने उमेदवारी, आणि त्यानंतर कायम करायचं की नाही हे आमच्या कामाचे प्रमुख होते त्या सरांच्या शब्दावर होतं. सर पुण्याचे. वय पस्तिशीच्या आत, कामात अतिशय चोख. मराठी कानावर पडावं म्हणून ते माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलत आणि माझं मराठी ऐकून हसू दाबत.

"काम झालं?"

"हौ सर. करून राहिले."

"करून राहिले म्हणजे झालं की चाललंय?"

"चाललंय सर."

"मग चाललंय म्हणा. तुमच्या मराठीत क्रियापद कुठं उतरणार ते शेवटच्या स्टेशनापर्यंत कळत नाही."

मला राग येत नसे. पुण्याचं मराठी पुस्तकातल्यासारखं होतं आणि मला ते खरं वाटायचं. आमचं मराठी म्हणजे घरी घालायचे कपडे, ते घालून मी बाहेर आले आहे, असं मला वाटत राही.

मला दिलेला पहिला प्रोग्राम साठ्याच्या वयाचा होता. गोदामातली कोणती वस्तू किती दिवस पडून आहे ते दाखवणारी यादी. त्यासाठी प्रत्येक वस्तूची आवक तारीख हवी. तारखेचा रकाना आठ आकड्यांचा असतो: वर्षाचे चार, महिन्याचे दोन, दिवसाचे दोन. काहीच भरलं नाही तर तिथं आठ शून्यं दिसतात. साधारणपणे, अंदाजे, उन्हाळ्याच्या सुमारास, असलं काही त्या रकान्यात बसत नाही.

दादांना मी हे सगळं समजावून सांगायची. सगळ्या वस्तूंना नंबर असतो, कुठून आली, कुठं ठेवली, कधी आली, सगळं लिहायचं. ते लक्ष देऊन ऐकत आणि शेवटी म्हणत, "म्हंजे मार्का मारायचंच काम हाय की."

"तसंच म्हणा."

"मग चुकू नको माय. मार्का चुकला की गठुडं भलत्याच मुलखात जातं. त्याच्या मालकानं कितीबी वाट बघू दे."

ते मला माय म्हणायचे. आमच्याकडे लेकीला म्हणतात तसं.

कारखान्याचं गोदाम एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या ताब्यात होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांना प्रत्येक फळीवरची वस्तू माहीत होती, पण मागच्या भिंतीकडच्या फळ्यांची जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्ली होती. मी कागद घेऊन त्यांच्यामागं फिरत होते.

"तुम लोगां सामान का बुढ़ापा निकालते क्या?" त्यांनी विचारलं.

"हौ चाचा. ये रबर के रिंगां कब आए?"

"ये? परसों आए, बेटा."

मी कागदावर 'परवा' असं लिहिलं. माझ्यासाठी ती खूण होती: तारीख माहीत नाही, नंतर खोदून विचारायचं. त्या फळ्यांवरच्या चौदा ओळींसमोर मी असंच 'परवा' लिहिलं. दुसऱ्या दिवशी मला दुसऱ्या कामाला बसवलं आणि तो कागद सरांच्या टेबलावर राहिला. सरांनी तो वाचला. मराठी माणसानं मराठीत लिहिलेलं होतं. त्यांनी शांतपणे चौदा ओळींत दोन दिवसांपूर्वीची तारीख भरली.

त्याच दिवशी कारखान्याच्या मॅनेजरना यादी दाखवायची होती. पडद्यावर सगळ्यात ताजा माल म्हणून त्या रबरी रिंगा आल्या, वय दोन दिवस. मॅनेजर तेलुगू होते आणि थोडं बोलत. ते उठून स्वतः मागच्या फळीपाशी गेले, एक रिंग घेऊन आले आणि सरांसमोर ती दोन बोटांत वाकवली. ती बिस्किटासारखी मोडली. तुकडे टेबलावर ठेवून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "ही दोन दिवसांची?"

सरांचे कान लाल झालेले मला दिसले. बाहेर आल्यावर ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"परवा म्हणजे काय, सांगा मला."

मी सांगायचा प्रयत्न केला. आमच्याकडे परवा म्हणजे असं, सर, की होऊन गेलेला.

"तुमच्याकडचं कॅलेंडर भिंतीवर असतं की हवेत?" ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या वहीत लिहून दिलं: परवा = आज वजा दोन. "प्रोग्राममध्ये कसं लिहाल? आजची तारीख, त्यातून दोन वजा. संपलं. याच्याशिवाय परवाला दुसरा अर्थ नाही. ही वही जपून ठेवा."

मी जपून ठेवली. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मी तोच कागद घेऊन चाचांकडे गेले. घरात विचारतात तसं विचारलं, "कौनसे परसों, चाचा?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ऐसा पूछना था ना पहले. लिख. ये रिंगां मेरी बड़ी बेटी की रुख़सती के हफ़्ते में आए. ये बोल्टां, पुराना चौकीदार रिटायर हुआ, उसके दूसरे दिन."

कुणाची पाठवणी, कुणाची निवृत्ती, अशी चौदाच्या चौदा ओळींना त्यांनी एकेक खूण दिली. मी ऑफिसातली जुनी बिलं काढून पडताळून पाहिलं, तर दोन-चार दिवसांचासुद्धा फरक नव्हता. सरांना कागद दिला तेव्हा ते प्रथमच पूर्ण हसले. "याला म्हणतात डेटा," ते म्हणाले. "कारखाना नव्या सॉफ्टवेअरवर सुरळीत सुरू होईपर्यंत आता चूक नको. मग तुमचं काय ते बघू."

मी फार खूश झाले. आणि घरी जाऊन मी परवावर बंदी घातली.

आता वाटतं, तो माझा उद्धटपणा होता. तेव्हा मला ती सुधारणा वाटली. दादा "परवा स्टेशनात" असं सुरू करायचे आणि मी म्हणायची, "दादा, तारीख." ते भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी जाऊन बोट फिरवायचे. त्यांना मौज वाटायची. लेक ऑफिसात जे शिकते ते आपल्यालाही शिकवते, याचं कौतुक होतं त्यांना.

"अगं, चहा कवा पिलो मी?" ते आईला विचारायचे.

"आत्ता तर पिलात."

"आत्ता न्हाई. आज वजा शून्य म्हण."

"दोघं मिळून मला येडी करणार तुम्ही," आई म्हणायची.

काही आठवड्यांनी परवा हा शब्द माझ्यासमोर येईनासा झाला. माझ्यामागं ते दोघं तो वापरत असणार. मी घरात पाऊल टाकलं की तो गप्प बसत असणार.

पावसाळा अर्धा झाला होता. कारखान्यात नवं सॉफ्टवेअर सुरू करायचा दिवस ठरला होता आणि आम्हाला सुट्टी नव्हती. रोज सकाळी सातला बरकतपुऱ्याच्या कोपऱ्यावर कारखान्याची बस यायची. एका सकाळी मी डब्याचं झाकण दाबत होते आणि दादा ओट्यापाशी चहाची बशी घेऊन बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"माय, परवापासून घास अडकून राहिलाय बघ. इथं." त्यांनी छातीच्या मध्यावर, गळ्याच्या जरा खाली बोट ठेवलं.

मी घड्याळ पाहिलं. मग मनातल्या मनात आजच्यातून दोन वजा केले. रविवार. रविवारी आईनं वांग्याचं भरीत तिखट केलं होतं.

"दोनच दिवस झालेत ना दादा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. आठ दिवसांत बरं नाही वाटलं तर दाखवू."

"व्हय. दाखवू की," ते म्हणाले.

मी बस गाठली. जाताना मला बरंही वाटलं होतं, की मी न सांगता, न टोकता दादांनी नीट परवा वापरली. मला वाटलं, आता ते माझी परवा बोलतात.

आठ दिवसांनी मी विचारलं. ते म्हणाले, बरं हाय. बरं होतं, कारण त्यांनी भाकरी सोडली होती. आई भाकरी दुधात कुस्करून द्यायची, नंतर नुसता मऊ भात आणि पातळ वरण. तिला वाटलं दाढ दुखत असेल. रेल्वेतली माणसं तंबाखू खातात, दाढा दुखतातच. त्यांचा सदरा खांद्यावर सैल झाला होता, हे मी पाहिलं होतं. पाहिलं होतं असं आता म्हणते, कारण डोळ्यांपुढं तो सदरा स्पष्ट येतो. पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात चौदाशे वस्तूंच्या तारखा होत्या.

ठरल्या दिवशी कारखाना नव्या सॉफ्टवेअरवर सुरू झाला. माझी यादी एकही चूक न करता चालली. मॅनेजरांनी मागच्या फळीवरून एक बोल्ट आणून पडद्याशी ताडून पाहिला आणि मान हलवली. सर म्हणाले, "आता दोन दिवस घरी राहा. तुमचा चेहरा उतरलाय." मी घरी राहिले, आणि दुपारी दादा जेवायला बसले तेव्हा पहिल्यांदा समोर बसून पाहिलं. पाण्याचा घोट घ्यायलाही ते थांबत होते. घोट घेतला की डोळे मिटून वाट बघत, तो खाली उतरेपर्यंत.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. आम्ही सिकंदराबादेच्या बाजूला रेल्वेच्या दवाखान्यात गेलो. बाकावर बराच वेळ बसलो. दादांनी धुतलेला सदरा घातला होता आणि नखांचा रंग आईनं आदल्या संध्याकाळी काढला होता, लग्नाला जाताना काढतात तसा. आत डॉक्टर होते ते हैदराबादचेच, पिकलेल्या केसांचे. काहीतरी लिहीत होते.

"कब से है?" त्यांनी विचारलं.

"परसों से, साब," दादा म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर न करता, लिहिता लिहिताच विचारलं, "कौनसे परसों?"

दादा थोडं थांबले. आठवत होते. आणि मग अगदी सरळ सांगितलं, "आमां आए ना साब, उस टाइम से. पहला आम खाया तो अटका."

डॉक्टरांनी लेखणी ठेवली आणि वर पाहिलं.

मी शेजारी उभी होते. हातात दादांच्या रेल्वेच्या कार्डाची प्लास्टिकची पिशवी होती. आंबे म्हणजे एप्रिल. एप्रिलपासून ऑक्टोबर. हा हिशेब करायला मला एक क्षण लागला असेल. पुढचं डॉक्टर जे बोलले, तपासण्या, नळी घालून बघायचं, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी, ते सगळं मी ऐकलं आणि लिहूनही घेतलं. तारखा घालून लिहून घेतलं.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "दादा, मला का नाही सांगितलं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "सांगितलं की," ते म्हणाले. "परवापासून हाय म्हणालो न्हाई का? तू गुळण्या कर म्हणालीस."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी विसरले असेन असं त्यांना वाटलं आणि आठवण करून दिली, एवढंच.

अन्ननलिकेत गाठ होती. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला आहे. किती उशीर, हे मी एकदा एकटीनं जाऊन विचारलं. ऑगस्टमध्ये आलो असतो तर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, या दुखण्यात असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. कदाचित काही करता आलं असतं. कदाचित नसतंही. तारखेचा रकाना असता तर आठ शून्यं पडली असती. मी त्या 'कदाचित'बरोबर राहायला शिकले असं म्हणवत नाही. फक्त राहते आहे.

मला कायम केल्याचं पत्र डिसेंबरात आलं. मी ते दादांच्या खाटेपाशी घेऊन गेले. त्यांचं बोलणं कमी झालं होतं आणि त्यांना नळीतून पातळ पेज द्यायची वेळ आली होती. पत्र त्यांनी वाचलं नाही, वाचता आलं नसतं, पण वरच्या कोपऱ्यातल्या माझ्या नोकरीच्या नंबरावर बोट ठेवलं. दोन इंग्रजी अक्षरं आणि पुढं आकडे.

"तुझ्यावर बी मार्का मारला की," ते म्हणाले.

"हौ दादा."

"बरोबर हाय ना? बघून घे. एकदा मारला की पुसत न्हाई."

मी बघितल्यासारखं केलं. सरांना मी कधी काही सांगितलं नाही. त्यांचा दोष नव्हता. त्यांनी मला परवाचा अर्थ शिकवला तो त्यांच्या गावात खरा होता. चाचांना तेवढं सांगितलं, एकदा, गोदामात, कारण त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभी असलेली पाहिलं.  त्यांनी एका खोक्यावर आपला रुमाल अंथरला आणि मला बसायला सांगितलं. रबरी रिंगा आणि बोल्टांसाठी जो प्रश्न मी चौदा वेळा विचारला होता, तो दादांना मी एकदाही विचारला नाही, हे मला त्यांच्यासमोर बोलून दाखवावं लागलं नाही. त्या फळ्या समोरच होत्या.

दादा गेले ते पुढचे आंबे बाजारात यायच्या थोडं आधी. तारीख मला माहीत आहे. ती मी बऱ्याच फॉर्मांवर लिहिली. वर्ष चार आकडे, महिना दोन, दिवस दोन. त्यांच्या आयुष्यात नक्की माहीत असलेली ती एकच तारीख. जन्माची एक जून होती, तीही शाळेच्या मास्तरांनी घातलेली.

पुढं मी त्याच कामात राहिले. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बदलल्या, कारखाने बदलले, मी सर झाले म्हणजे मुलं मला मॅडम म्हणू लागली. नव्या मुलांना मी सांगते, माणसानं दिलेली तारीख लिहून घेण्याआधी एक प्रश्न जास्त विचारा. का ते सांगत नाही. त्यांना वाटतं मॅडम जरा किटकिट करतात.

आई माझ्याबरोबर राहते. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक जोडपं राहायला आलं, पुण्याहून बदली होऊन. मुलगी तरुण, बोलकी. पहिल्याच दिवशी विरजण मागायला आली आणि मराठी ऐकून तिला आनंद झाला. मी स्वयंपाकघरात होते, आई बाहेर तिच्याशी बोलत होती. भिंतीवर दादांचा फोटो आहे. त्या मुलीनं विचारलं असावं. आईचा आवाज ऐकू आला, "आमचे मालक. परवा गेले."

"परवा?" ती मुलगी म्हणाली, आणि मग तिनं आवाज खाली आणला. "अहो काकू, आम्हाला काहीच माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार, बाई," आई म्हणाली. "गळ्याचं दुखणं होतं. आंबे खायचे राहिले."

मी विरजणाची वाटी हातात घेऊन आत उभी होते. बाहेर जाऊन सांगायला हवं होतं, की वीस वर्षांच्या वर झाली. मी सांगणार होते. पण बाहेर गेले तर त्या मुलीनं आईचे दोन्ही हात हातात घेतले होते आणि आई ते काढून घेत नव्हती. दादा गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि आईला चूल, पाहुणे, दवाखान्याचे कागद यांतून कुणी असं बसूच दिलं नव्हतं. मी नुसती वाटी दिली.

संध्याकाळी ती परत आली. हातात स्टीलचा डबा. डोळे खाली. म्हणाली, "तुम्ही आज चूल पेटवू नका. आमच्याकडे अशा घरी देतात." डब्यात पिठलं आणि भात होता, गरम.

आईनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं काय झालं ते. तिच्या तोंडाचा कोपरा जरा हलला, दादा "आज वजा शून्य" म्हणायचे तेव्हा हलायचा तसा. मला वाटलं ती आता सांगेल, अगं बाई, ती परवा नव्हे.

"ये, बस," ती त्या मुलीला म्हणाली. "थोडा वेळ बस आमच्यात."

मी दोन ताटं वाढली. पिठलं पुण्याचं होतं, जरा गोडसर, आमच्यापेक्षा पातळ. दादांना गिळता आलं असतं असं पातळ. आई फोटोखाली बसून सावकाश जेवली, आणि ती मुलगी शेजारी बसून राहिली. कोणची परवा, ते तिनं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.